तीन फुलीचे, चौथा तिसराच

केटल बंद पडली असं म्हणता येणार नाही. खटका खाली दाबला की दिवा लागायचा, बोट उचललं की खटका टक्कन वर. बोट तसंच दाबून धरलं तर पाणी नेहमीसारखं उकळायचं. म्हणजे आत कुठेतरी काहीतरी किरकोळ अडलं असणार, एवढंच. दुपारी सगळं आवरल्यावर ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि केटल उलटी ठेवली. बुडाला चार खोल भोकं, प्रत्येकाच्या तळाशी एकेक स्क्रू. तीन फुलीचे होते, ते निमूट निघाले. चौथ्यात स्क्रू ड्रायव्हर नुसता घसरत राहिला. मोबाईलचा उजेड तिरका धरून आत पाहिलं तर तिथे फुली नव्हतीच. मधल्या ठिपक्यापासून तीन बारीक पाती निघालेली, छताच्या पंख्याला असतात तशी. आमच्या घरातल्या एकाही हत्याराचं तोंड त्या आकाराचं नव्हतं, आणि ज्यानं तो स्क्रू निवडला त्यालाही हे पक्कं ठाऊक असणार.

तो स्क्रू डोक्यातून जाईना. राग आला असं नाही, आणि अपमान म्हणावं तर फार मोठा शब्द होतो. कुणाच्या नव्या घरी गेल्यावर सगळ्या खोल्या कौतुकानं दाखवतात आणि एका दारापाशी मात्र यजमान सहज पाठ टेकवून उभे राहतात, तसं काहीसं वाटलं. बूड घट्ट बसायला चारही स्क्रू फुलीचे चालले असते. एक वेगळा घ्यायचा म्हणजे त्याची वेगळी खरेदी, वेगळा डबा, जोडणाऱ्या कामगाराच्या हाताशी वेगळं बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं बदलता येणारं टोक. एवढा खटाटोप कुणीतरी विचार करून केला होता. त्या स्क्रूचं केटलशी फारसं काम नव्हतं, त्याचं काम माझ्याशी होतं.

“हात नको लावूस, माणूस येईल.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. फ्यूज उडाला, नळ गळायला लागला, इस्त्रीची वायर जळाली, की घरात आधी हे वाक्य यायचं आणि मग कधीतरी सवडीनं तो माणूस. भाऊ माझ्यापेक्षा लहान, पण टेस्टर त्याच्या हातात. या नियमाला अपवाद एकच, आईचं शिवणयंत्र. त्याच्या लाकडी खणात बॉबिनी, खडूचे तुकडे, मोडक्या सुया, आणि त्या पसाऱ्यात एक बोटभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर. तो मशीनबरोबरच आलेला. तेलाची कुपीही बरोबरच आलेली. पुस्तिकेत यंत्राचं चित्र होतं आणि तेल कुठे कुठे सोडायचं ते दाखवणारे बाण. आई सुईखालच्या पट्टीचे स्क्रू काढायची, खालच्या दातांत अडकलेला धाग्यांचा भुगा जुन्या टूथब्रशनं खरवडायची, थेंब थेंब तेल सोडायची आणि मग आधी एका चिंधीवर ओळी शिवायची, म्हणजे चांगल्या कापडाला डाग पडत नाहीत. खोलीभर त्या तेलाचा पातळ वास पसरायचा. खंडेनवमीला यंत्रावर झेंडूची माळ चढायची, तेव्हा त्या एवढ्याशा स्क्रू ड्रायव्हरलाही हळदकुंकू. यंत्राला हात नको लावूस असं तिला कधी कुणी म्हणालं नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांनीच हत्यार तिच्या हातात दिलं होतं. यात कंपनीचा उदारपणा बघायला मी जाणार नाही. गावोगावी मेकॅनिक पाठवणं त्यांना परवडलं नसतं. पण शिवणारी बाई यंत्र उघडणार, आणि उघडलेलं पुन्हा नीट लावणार, हे त्यांनी धरूनच चाललेलं होतं.

ॲलन की, म्हणजे षटकोनी भोकात घालून फिरवायची चावी, आमच्या घरात आली ती लेकीच्या गिअरच्या सायकलीबरोबर. आमच्या काळ्या सायकलींना पाने लागायचे, आणि दुकानदार जो फेकायचा तो नेमका दहा-अकराचा असायचा. या सायकलीवर बाहेर आलेलं नटाचं डोकं जवळजवळ कुठेच नाही. सगळी षटकोनी भोकं, बहुतेक चार, पाच आणि सहा मिलिमीटरची. आधी वाटलं, दिसायला नीटस म्हणून असेल. तसं नाही. या भोकाचा जन्म कारखान्यातल्या अपघातांतून झालेला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर क्वचितच असे. छताजवळून एक लांब शाफ्ट फिरायचा, त्यावर पुल्या, पुल्यांवरून पट्टे खाली एकेका यंत्राकडे. पुली जागेवर धरून ठेवायला सेट स्क्रू असायचा आणि त्याचं चौकोनी डोकं बाहेर डोकावत राहायचं, कारण पाना लावायला काहीतरी हवंच. शाफ्ट वेगात असताना ते डोकं दिसत नाही. बाही, ॲप्रन, काहीही त्यात अडकलं की माणूस ओढला जायचा. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाड्याजवळची गिरणी आठवली. भिंतीतून आलेला तो रुंद पट्टा, त्याच्या सांध्याचा फट्-फट् आवाज, पापण्यांवर बसणारं पीठ, डब्यातून येणारी गरम ज्वारीची ऊब, आणि गिरणीवाले काका दर वेळी न चुकता ओरडायचे, “ए पोरी, ओढणी गुंडाळ आणि लांब उभी राहा!” तेव्हा ते उगाच खेकसतात असं वाटायचं.

डोकंच नको, स्क्रू पुलीच्या आत बुडालेला हवा आणि तो फिरवायला भोकात चावी घालता यावी, हा त्यावरचा उतारा. कल्पना नवी नव्हती, पण पोलादात असं कोपरेदार भोक स्वस्तात पाडणं जमत नव्हतं. अमेरिकेत कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या विल्यम ॲलन यांनी षटकोनी साच्याभोवती थंड धातू दाबून स्क्रूचं डोकं घडवण्याची पद्धत काढली, १९१० साली तिचं पेटंट मिळालं, आणि माल विकला तोही ‘सेफ्टी सेट स्क्रू’ म्हणून. आत बुडालेलं ते भोक कामगाराचा हात वाचावा म्हणून होतं. मला हे वाचून बरं वाटलं, आणि केटलच्या चौथ्या स्क्रूबद्दल थोडं अधिकच वाईट.

त्याच सुमाराला, १९०८ मध्ये, कॅनडात पी. एल. रॉबर्टसन यांनी चौकोनी भोकाचा स्क्रू आणला. सपाट खाचेतून स्क्रू ड्रायव्हर निसटून त्यांचा हात कापला होता, अशी कथा सांगतात. हेन्री फोर्डला तो स्क्रू इतका आवडला की त्यानं परवाना मागितला, रॉबर्टसननं सूत्रं हातची सोडायला नकार दिला, आणि म्हणून तो स्क्रू मुख्यतः कॅनडाचाच राहिला. टोरांटोजवळ राहणारी माझी मावसबहीण इथे आली की आपल्या घसरणाऱ्या फुल्यांना नाकं मुरडते. तिच्या ड्रॉवरमध्ये लाल मुठीचा, म्हणजे दोन नंबरचा, रॉबर्टसन असतोच. फुलीवाला फिलिप्स १९३६ चा, मोटारींच्या कारखान्यांतून जगभर गेला. मग १९६७ मध्ये टॉर्क्स, सहा गोल पाकळ्यांचा. षटकोनात जोर कोपऱ्यांवर येतो, कोपरे झिजतात आणि एक दिवस चावी आत नुसती गरागरा फिरते. पाच मिलिमीटरच्या भोकात कुणी इंचातली तीन-सोळांश चावी घातली तर फरक फक्त पाव मिलिमीटरचा असतो, पण तेवढ्यात भोकाचा निकाल लागतो. सायकलवाले मग त्या गोल झालेल्या भोकात थोडं मोठं टॉर्क्सचं बिट हातोडीनं ठोकून बसवतात आणि बोल्ट काढतात. बघायला क्रूर वाटतं, पण निघतो. टॉर्क्सच्या पाकळ्यांवर जोर जवळपास फिरवण्याच्या दिशेनंच लागतो, भोकाच्या भिंती बाहेर ढकलण्यात वाया जात नाही, म्हणून तो टिकतो.

इथवर सगळी खटपट पकडीसाठी होती. हात निसटू नये, स्क्रू झिजू नये, कामगार दमू नये.

मग त्या सहा पाकळ्यांच्या मधोमध कुणीतरी एक खुंटी उभी केली. जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. तिनं पकड वाढत नाही, मजबुती वाढत नाही. ज्या बिटाच्या टोकाला मध्ये भोक पाडलेलं आहे तेवढंच आत जातं, साधं टॉर्क्स बाहेर थांबतं. त्या खुंटीला दुसरं कामच नाही. एकदा हे कळल्यावर जिथे तिथे असे स्क्रू दिसायला लागले. आमच्या लिफ्टच्या बटणांच्या पट्टीवर दोन ठिपक्यांचे आहेत, डोळे वटारल्यासारखे. मॉलमधल्या स्वच्छतागृहाच्या दारांना एकतर्फी आहेत. दिसायला साधी खाच, पण उलट बाजूनं उतार दिलेला, त्यामुळे घट्ट करता येतो, सोडवायला गेलं की पातं वर घसरतं. हा मला सगळ्यांत उद्धट वाटतो. बाकीचे निदान ‘चावी आमच्याकडे आहे’ म्हणतात, हा म्हणतो, ‘सोडवायचंच नाही.’

मोबाईलचं प्रकरण तर जगजाहीर आहे. ॲपलनं २००९ मध्ये लॅपटॉपच्या बॅटरीला पाच पाकळ्यांचा पेंटालोब लावला आणि पुढे आयफोन ४ च्या तळाशी तेच दोन चिमुकले स्क्रू आले. त्या फोनचे सुरुवातीचे नग फुलीच्या स्क्रूंचे होते. ते दुरुस्तीला आले की परत देताना स्क्रू बदलून पेंटालोब लावले जातात, असं अमेरिकेतल्या आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या मंडळींनी २०११ च्या सुरुवातीला उघड केलं, आणि त्यावर फुलीचे स्क्रू आणि तो काढायचा स्क्रू ड्रायव्हर असा ‘लिबरेशन किट’ विकायला काढला. माल आपला, पैसे आपले, आणि दुरुस्तीहून घरी आला तो कुलूप लावून. पण मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्याकडे कुठल्याही नाक्यावरच्या टपरीत जा, चुंबकाच्या चटईवर त्या पाच पाकळ्यांचा ड्रायव्हर इतर दहा ड्रायव्हरांबरोबर निवांत पडलेला असतो. पोरगा न बघता उचलतो.

मीही शेवटी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. दुकानदाराला आकार कागदावर काढून दाखवला. त्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “मिस्तरीनं सांगितलंय का?” मी म्हटलं, मीच मिस्तरी. मग मात्र मन लावून शोधून दिलं. सुटं बिट नव्हतं, अख्खा संच होता: तीन पात्यांचे, दोन ठिपक्यांचे, मधे भोकवाले टॉर्क्स आणि षटकोनी, सगळे एका प्लॅस्टिकच्या पेटीत. एका साध्या जेवणाच्या थाळीएवढी किंमत. पिशवीत टाकताना मनात आलं, म्हणजे ज्याला चोरीच करायची आहे त्यानं हा कधीच घेतला असेल. अडून राहते ती फक्त घरातली केटल नीट करू पाहणारी बाई.

चौथा स्क्रू अर्ध्या फेरीत सैल झाला. आत काही गूढ नव्हतं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार खटक्याच्या बिजागरीत साचला होता, जुन्या टूथब्रशनं निघाला. पण मी लगेच बंद केली नाही, बघत राहिले. दोन जाड पितळी पट्ट्या, २३० व्होल्टच्या, आणि त्यांच्यापासून बोटभरही अंतर नाही असं पाण्याचं स्टीलचं भांडं. भांड्याला हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर, ती एका चिमुकल्या चिमटीवर नुसती खोचलेली. ब्रश फिरवताना धक्का लागला असता तर ती निसटली असती. आणि ती निसटली तरी केटल अगदी पूर्वीसारखी चालते. दिवा लागतो, पाणी उकळतं, चहा होतो. कधीतरी आतली एखादी वायर भांड्याला टेकते आणि त्या दिवशी ओल्या हातानं कुणीतरी केटल उचलतं. हा चौथा स्क्रू ज्यानं निवडला त्याच्या डोळ्यापुढे कदाचित हेच चित्र असेल. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला चटकन देता आलं नाही.

बंदच असावेत असे स्क्रू असतातच. मायक्रोवेव्हच्या पाठीवरचे मी आजही सोडवणार नाही, हातात पेटी असली तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ राहू शकतात. भाचीच्या खेळण्यांत बटनासारखे सेल असतात, त्या झाकणाला स्क्रू नसेल तर मी ते खेळणं घरात आणू देत नाही. गिळलेला सेल अन्ननलिका काही तासांत जाळतो. आपल्या शेतांमधून जाणारे विजेचे मोठे मनोरे पाहा, त्यांच्या खालच्या भागातल्या बोल्टना चोरीविरोधी नट असतात. घट्ट करताना त्याचं डोकं ठरावीक जोराला तुटून पडतं आणि पान्याला धरायला काही उरत नाही, असा एक प्रकार. ते नसते तर मनोऱ्याची खालची तिरपी लोखंडं किलोच्या भावानं केव्हाच भंगारात गेली असती. यावर मी काय बोलणार? ज्या देशात पाणपोईच्या पेल्याला साखळी लागते तिथे मनोऱ्याला साधे नट लावा म्हणणं भाबडेपणाचं आहे.

पण पेल्याची साखळी दिसते. ती सगळ्यांसाठी आहे, आणि पाणी पिण्याच्या आड येत नाही. केटलबरोबर आलेल्या माहितीपत्रकात अर्थिंगच्या वायरचं नावही नाही. ‘उघडू नये, अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा’ एवढं एकच वाक्य. आणि सेवा केंद्रात फोन केला तर पलीकडून मुलगी गोड आवाजात सांगते, “मॅम, या मॉडेलला रिपेअर नाही, रिप्लेसमेंट आहे.” म्हणजे मीही उघडायची नाही आणि तेही उघडणार नाहीत. मग तो स्क्रू लावला कुणासाठी? त्याच्या जागी त्यांनी बुडावर बाणाचं एक चित्र छापलं असतं, ‘ही वायर परत लावा’, तर मी त्या चौथ्या स्क्रूलाही नावं ठेवली नसती. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी म्हणून. चांगलंच केलं. पण पोर्टल ही संगणकावरची गोष्ट आहे आणि स्क्रू ओट्यावर असतो.

मजा म्हणजे, हल्ली हत्यार फुकट देणारेही पुष्कळ झालेत. तुर्भ्याला आयकियाचं दुकान झाल्यापासून आमच्या ओळखीतल्या घराघरांत त्या बोटभर षटकोनी चाव्या साठल्यात. कपाट, पलंग, टेबल, प्रत्येक खोक्यात एकेक चावी. जोडायची मजुरी वाचते ना! नणंदेनं त्यांची एक बरणीच भरली आहे, टाकवत नाहीत आणि लागतही नाहीत. वस्तू जोडायला आपण शहाणे, आणि तीच वस्तू बिघडली की एकदम अडाणी.

आता सगळ्यांत ताजा अनुभव, तो सरकारी आहे. आमची स्कूटर १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे तिला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवणं आलं. मुदत वाढत गेली तशी आम्हीही वाढवत गेलो, शेवटी वेळ घेऊन केंद्रावर पोचले. ॲल्युमिनियमची पाटी, कोपऱ्यात चक्राचा चमकता होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला क्रमांक. आणि बसवायला स्क्रू नाहीतच, स्नॅप लॉक. पोरानं पाटी धरली, लॉक दाबलं, कट् झालं, संपलं. मी विचारलं, मडगार्ड बदलायची वेळ आली तर ही काढायची कशी?

“निघत नाही ताई. तोडायची. मग नवीन मागवायची.”

यालाही माझी हरकत नाही. चोरलेल्या गाडीवर दुसरीची पाटी लावणं किती सोपं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तरी गाडीवर आपण न काढू शकणारी एक वस्तू आता आहे, हे घरी येईपर्यंत मनात टोचत होतं. त्याआधी त्या पोरानं जुनी पाटी काढली होती. दोन्ही स्क्रू गंजलेले, एकाची खाच झिजून थाळीसारखी सपाट झालेली. त्यानं स्क्रू ड्रायव्हर लावला, मुठीवर हातोडीचा एक टोला दिला, पुन्हा लावला, पाठीमागचा नट पकडीनं धरला आणि शांतपणे सोडवला. ते दोन नट-बोल्ट मी सवयीनं मागितले, घरी डब्यात टाकावेत म्हणून. त्यानं ते आधीच खिशात घातले होते.

“राहू द्या ना ताई, आम्हाला लागतात.”